कॉलेजमध्ये पिण्याचं पाणी: आणखी कूलर मागावेत की दुसरं काही?

पाटीपेन्सिल

मंडळी, तालुक्याच्या गावातलं अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय आहे. विद्यार्थी परिषदेतर्फे प्राचार्यांना पाण्याबद्दल निवेदन द्यायचं ठरलंय, त्यात नेमकं काय मागायचं यावर सल्ला हवाय.

परिस्थिती अशी. एकूण विद्यार्थी साधारण १,८००, त्यातले १,१०० सकाळच्या पाळीत. दोन वॉटर कूलर आहेत, दोन्हींवर ४०/८० असा शिक्का, प्रत्येकाला दोन-दोन नळ. एक ऑफिससमोर, एक वाचनालयाजवळ. सकाळची मधली सुट्टी २० मिनिटांची. पहिल्या पाच-सात मिनिटांत गार पाणी संपतं, पुढे कोमट येतं, आणि रांगेतली निम्मी मुलं तशीच वर्गात जातात किंवा कॅन्टीनमधून २० रुपयांची बाटली घेतात. नगरपालिकेचं पाणी दर तिसऱ्या दिवशी येतं, एरवी बोअर. दोन्ही पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडतं आणि तिथूनच संडासांनाही जातं. कूलरच्या मागे भिंतीवर घरगुती आकाराचे दोन फिल्टर आहेत. शेवटचे कधी बदलले ते ऑफिसला सांगता आलं नाही.

मुलांचं म्हणणं, आणखी चार कूलर आणि एक आरओ प्लांट मागू. हे बरोबर आहे का? पाणी चांगलं आहे की नाही हे कसं सिद्ध करायचं? अर्ज कुणाला करायचा?

---

नळजोड

चार कूलर मागू नका. सहा कूलर झाले तरी रांग पूर्ण मोडणार नाही. आधी शिक्क्याचा अर्थ समजून घ्या. ४०/८० म्हणजे ताशी ४० लिटर पाणी गार करण्याची ताकद आणि पोटात ८० लिटरची टाकी. सुट्टी सुरू होताना टाकी पूर्ण गार आहे असं धरलं, तरी २० मिनिटांत एका कूलरकडून ८० अधिक १३ म्हणजे साधारण ९० लिटर गार पाणी मिळतं. दोघांचं मिळून १८०. मे महिन्यात यापेक्षाही कमी, कारण आत येणारं पाणीच तापलेलं असतं.

पण खरी अडचण नळाची आहे. कूलरच्या आतली टाकी उघडी असते, फ्लोटवर (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्यावर) भरते. तिच्यातून नळाला मिळणारा दाब म्हणजे फक्त आतल्या पाण्याची उंची, हात-दीड हात. टाकी भरलेली असताना नळ मिनिटाला दोन लिटर देतो, पातळी उतरली की त्याहून कमी. लिटरची बाटली भरायला ३० सेकंद, पुढचा माणूस यायला १०. वीस मिनिटांत एका नळावर ३० बाटल्या, चार नळांवर १२०. तुमच्याकडे सकाळी १,१०० पैकी ७० टक्के हजर धरले तर ७७०. त्यातल्या निम्म्यांना सुट्टीत बाटली भरायची असेल तर ३८५. आता रांग का मोडत नाही ते कळलं असेल.

त्याऐवजी गच्चीवरच्या टाकीवरून थेट आठ नळांचा ओटा मागा. तीन मजल्यांच्या इमारतीत खाली आलेल्या पाण्याला चांगला दाब असतो. अर्धा इंची नळ मिनिटाला सहा लिटर सहज देतो. बाटलीला १० सेकंद, बदलायला १०. एका नळावर २० मिनिटांत ६०, आठ नळांवर ४८०. यात एक रुपयाची वीज नाही. दोन कूलर आहेत ते राहू द्या, ज्यांना गारच हवं ते तिथे थांबतील.

ओट्याचं मोजमाप देतो, निवेदनाला जोडा. दोन नळांत ४५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे ओटा साधारण पावणेचार मीटर लांब. मागची आडवी पाइप सव्वा इंची. अर्धा इंची आडव्या पाइपवर आठ नळ काढले की पहिले तीन धो-धो वाहतात आणि शेवटचे दोन थेंब-थेंब. सर्वांत जास्त चुकतं ते इथे, कारण गवंडी सांगेल "अर्ध्यात होतंय". प्रत्येक नळाआधी अँगल कॉक (त्या एकाच नळाचं पाणी कमी-बंद करणारी छोटी चावी) घाला. एक तर धार आवरता येते, नाहीतर पाणी बाटलीवर आपटून बाहेर उडतं, आणि दुसरं म्हणजे एक नळ बिघडला तर बाकीचे सात चालू राहतात. नळाच्या तोंडापासून खालच्या जाळीपर्यंत किमान ३० सेंटिमीटर मोकळे हवेत. कूलरच्या ट्रेमध्ये हे अंतर कमी असतं म्हणून मुलं बाटली तिरकी धरतात आणि पाऊण भरतात. एक नळ बाकीच्यांपेक्षा खाली, जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा ठेवून. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला ओट्यावरून ओणवं होऊन पाणी घेता येत नाही.

नळ स्वतः बंद होणारे, दाबायचे घ्या. फिरकीचा नळ कॉलेजात कुणी बंद करत नाही.

---

गारवा

नळजोड यांचं गणित पटलं, पण तिसऱ्या दिवसाचं पाणी आणि बोअर एकत्र असताना थेट टाकीचं पाणी पाजायचं म्हणजे धोका. २५० लिटर ताशी क्षमतेचा आरओ बसवला की प्रश्न मिटतो. वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, अँटिस्केलंटचा (क्षारांचा थर धरू न देणाऱ्या औषधाचा) डोस, मायक्रॉन काडतूस, हाय प्रेशर पंप, एक ४०४० मेम्ब्रेन (क्षार गाळणारा पडदा), शेवटी यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा). सहा तास चालला की दीड हजार लिटर. तो स्टीलच्या टाकीत साठवायचा आणि तिथून ओटा. शिवाय बाहेर वॉटर एटीएम लावलं, लिटरला एक रुपया, तर देखभालीचा खर्चही निघतो.

---

बीओडी_बाटली

गारवा, प्लांटची मांडणी बरोबर सांगितलीत. पण पाणी तपासायच्या आधीच औषध लिहून दिलंत. आरओ लागतो का, हे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), कडकपणा, नायट्रेट आणि फ्लोराइड या चार आकड्यांवर ठरतं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० मि.ग्रॅ. प्रति लिटर आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलं जातं. एकूण कडकपणा २०० आणि ६००. नायट्रेटला ४५ च्या वर सूट नाही. फ्लोराइड १, फार तर १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही पट्ट्यांत बोअरला फ्लोराइड सापडतं, तिथे हा आकडा बघितल्याशिवाय बोअरचं पाणी पिण्याला जोडूच नये. नायट्रेट उकळून जात नाही, यूव्हीनेही नाही, कार्बननेही नाही.

पालिकेच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओ म्हणजे निम्मं पाणी गटारात. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ नको, असंच केंद्राला सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात दीड हजार लिटर प्यायला काढून तेवढंच फेकायचं हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. बोअरच्या पाण्यावर आरओ चालवला तर फेकलेलं पाणी दुप्पट खारट असतं, ते बागेलाही चालत नाही, फक्त संडास आणि फरशीला.

आता आरओचं खरं दुखणं. कार्बन फिल्टर क्लोरीन खाऊन टाकतो, मेम्ब्रेन वाचवायला ते करावंच लागतं. पुढे यूव्ही जंतू मारते, पण तिच्या नळीतून जातं तेवढ्याच पाण्यातले. तिथून पुढे स्टीलच्या टाकीत जे पाणी पडतं त्याच्यात राखणदार कुणी नाही. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत ते तसंच उभं राहतं, टाकीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी बुळबुळीत थर धरतो. प्लांटचं पाणी निर्मळ आणि नळाचं दूषित, असा अहवाल येतो तो यामुळे. यूव्हीचा दिवा ८-९ हजार तासांनंतर निळा दिसत राहतो पण मारक राहत नाही. दिवा लागतोय म्हणजे काम करतोय असं समजून वर्षानुवर्षं तोच ठेवलेला असतो.

तुमच्या कूलरमागच्या फिल्टरांचंही तेच. काडतूस वर्षभर बदललं नसेल तर ते काढून टाकलेलं बरं.

टीडीएस मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, जरूर घ्या. पण त्याने जंतू कळत नाहीत, क्षार कळतात. आकडा ८० आला म्हणून पाणी शुद्ध, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

नमुना कसा घ्यायचा ते सांगतो, कारण निम्मे अहवाल चुकीच्या नमुन्यामुळे फुकट जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, काही उपविभागांतही असते. आधी फोन करून जंतुतपासणीसाठीची निर्जंतुक बाटली तिथूनच मागवा. क्लोरीन टाकलेल्या पाण्याची बाटली असेल तर तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेटचे चार दाणे किंवा थेंब असतात. ती बाटली विसळायची नाही. विसळली की औषध गेलं, मग उरलेला क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतो आणि दूषित पाणी चांगलं ठरतं. नळाला जाळी असेल तर काढा, तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, धातूचा नळ असेल तर ज्योत फिरवा, दोन मिनिटं पाणी सोडा, मग बाटली भरा. वर बोटभर मोकळं ठेवा, झाकणाच्या आतल्या बाजूला हात लावू नका. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा, २४ तासांच्या पुढे कधीच नाही. रासायनिक तपासणीला वेगळी, स्वच्छ एक-दोन लिटरची बाटली. ती मात्र त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची.

नमुने तीन ठिकाणचे घ्या. पालिकेचं पाणी आवारात शिरतं तिथला, गच्चीच्या टाकीतून पहिल्यांदा खाली येतं तिथला आणि कूलरच्या नळाचा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट तर टाकी. दोन्ही चांगले आणि तिसरा वाईट तर कूलर किंवा त्याच्या मागचा फिल्टर. एकच नमुना दिला तर अहवाल "दूषित" म्हणेल आणि दोष कुणाचा यावर सहा महिने वाद चालेल. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) सापडता कामा नये, एकही नाही.

नमुन्याचा वार सोमवार ठेवा, सकाळी कॉलेज उघडल्या उघडल्या. शनिवार-रविवार उभं राहिलेलं पाणी तिथे सर्वांत वाईट अवस्थेत मिळतं.

---

नळजोड

वॉटर एटीएमबद्दल गारवांना एक सांगतो. ते लागलं की ऑफिसला वाटतं पाण्याची सोय झाली, आणि फुकटचा नळ बिघडला तर तो दुरुस्त करायची घाई कुणाला राहत नाही. लावायचंच असेल तर ओट्याच्या नंतर, आणि ओट्याजवळ नको. आणि देखभालीचा खर्च जर लिटरमागे रुपया घेऊन निघतो, तर तो मुलं आधीच भरतात त्या फीमधून का निघू नये?

---

पाटीपेन्सिल

खूप उपयोगी. मीटर आणून मोजलं. पालिकेचं पाणी ज्या दिवशी आलं त्या दिवशी प्रवेशाच्या नळाला टीडीएस २६०. बोअर १,१५०. गच्चीच्या टाकीत ७९०, म्हणजे बहुतेक बोअरच. कूलरच्या नळाला ७८०. टाकी ५,००० लिटरची एकच आहे. आरओ सोडून दिला तर या आकड्यांवर काय करता येईल? आणि अर्जाचं?

---

नळजोड

तुमचं उत्तर याच आकड्यांत आहे. २६० चं पाणी दारात येतंय, ते बोअरमध्ये मिसळून संडासात ओतलं जातंय.

प्यायला किती लागतं ते काढा. १,८०० च्या ७० टक्के म्हणजे १,२६०. डोई एक लिटर आणि सांडलवंड चतुर्थांश धरली तर १,६०० लिटरच्या आत. उन्हाळ्यात डोई दीड लिटर धरलं तर २,४०० च्या आसपास. पाणी तिसऱ्या दिवशी येतं, म्हणजे दोन पाण्यांच्या मधे तुम्हाला दोन दिवस पूर्ण काढायचे. उन्हाळ्याच्या हिशेबाने ४,८००, थोडी गंगाजळी धरून ६,०००. एवढं पालिकेचं पाणी फक्त पिण्यासाठी वेगळं साठवलं की झालं. आरओ नको, जार नको.

म्हणजे ३,००० लिटरच्या दोन नव्या टाक्या, त्यांना फक्त पालिकेची लाइन. जुनी ५,००० ची टाकी बोअरला, ती संडास, प्रयोगशाळा, बागेला. दोन्ही पाइपांचा कुठेही जोड नको. प्लंबर सोयीसाठी मधे एक व्हॉल्व्ह ठेवतो, "कधी पाणी नाही आलं तर इकडून घेता येईल" म्हणून. तो व्हॉल्व्ह ठेवू देऊ नका. तो एकदा उघडला की पुन्हा बंद होत नाही, आणि झाला तरी आतून पाझरतो. पालिकेचं पाणी नाही आलं तर टँकर मागवून तो थेट पिण्याच्या टाकीत रिकामा करा, बोअर जोडू नका.

खाली हौद असेल तर तो बघा. संडासाच्या सेप्टिक टँकजवळचा हौद आणि त्याला तडा, ही जोडी बऱ्याच आवारांत सापडते. पाणी रोज येत नसलं की पाइपमध्ये दाब नसतो, तेव्हा बाहेरची घाण आत ओढली जाते. हौद संशयास्पद असेल तर पालिकेची लाइन थेट गच्चीवर चढते का ते पाहा. दाब कमी असेल तर हौदाऐवजी जमिनीवर प्लॅस्टिकची टाकी ठेवून तिथून पंप.

काळी टाकी गच्चीवर मे महिन्यात चहाला चालेल इतकी तापते. पांढरी टाकी घ्या किंवा वर पत्र्याची सावली करा, टाकी आणि पत्र्यात हातभर हवा खेळू द्या. उघड्यावरून खाली येणाऱ्या पाइपलाही फोमचं आवरण घाला. ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर पाली आणि डास. झाकणाला कुलूप.

---

बीओडी_बाटली

नळजोड यांच्या साठवणीला एक जोड. पालिकेने टाकलेला क्लोरीन टाकीत दुसऱ्या दिवसापर्यंत बराच उडतो, उन्हाळ्यात लवकर. नळाला किमान ०.२ मि.ग्रॅ. प्रति लिटर उरला पाहिजे. ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट करतात तीच करायची. नळीत पाणी घ्या, ऑर्थोटोल्युडीनचे थेंब टाका, फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पांढरं राहिलं तर नाही. किटबरोबर रंगांची पट्टी असते. तपासलेलं पाणी ओतून द्या, ते प्यायचं नाही. रोज सकाळी ओट्याच्या शेवटच्या नळाला, पहिल्या नव्हे.

पांढरं राहिलं तर डोस. ३,००० लिटरला लिटरमागे १ मि.ग्रॅ. म्हणजे ३ ग्रॅम क्लोरीन. चांगल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये तीसेक टक्के क्लोरीन असतो, म्हणून १० ग्रॅम पावडर. घरगुती काट्यावर मोजा, मुठीने नाही. बादलीत पाणी घेऊन कालवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, चुना तळाला बसेल, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. कोरडी पावडर थेट टाकीत टाकली की चुना नळाच्या वॉशरमध्ये जाऊन बसतो. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी टाका, अर्धा तास तरी संपर्क मिळायला हवा. पावडरची पिशवी उघडी राहिली की महिन्या-दोन महिन्यांत तिच्यातला जोर जातो. डोस बरोबर घालूनही ओटी पांढरी येत असेल तर आधी पावडर बदला. ०.५ च्या वर गेलं की मुलं वासाची तक्रार करतील आणि पुन्हा बाटल्या घेतील, म्हणून जास्त टाकून मोकळं होऊ नका.

टाकी सहा महिन्यांतून एकदा रिकामी करून घासायची, शक्य तर जूनआधी आणि दिवाळीच्या सुट्टीत. घासल्यावर भरून १,००० लिटरला २०० ग्रॅम टीसीएल, रात्रभर ठेवून सगळे नळ सोडून रिकामी करायची. मग पुन्हा भरून ओटी बघून पाणी चालू. त्या रात्री सगळ्या नळांवर "पाणी पिऊ नये" ही पाटी हवी, पहारेकऱ्यासाठीसुद्धा.

थंड पाण्याचे थर्मास-जार सोयीचे वाटतात, त्याबद्दल एवढंच की ते सीलबंद नसतात. भरलं कुठे आणि कशाने, हे जारवाल्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. परीक्षेच्या दिवसांत हॉलबाहेर ठेवायचे असतील तर तुमच्याच ओट्याचं पाणी भरलेले ठेवा.

---

आवकजावक

अर्जाचं मी सांगतो.

निवेदन प्राचार्यांच्या नावे, दोन प्रती, ऑफिसच्या आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. सह्यांची यादी जोडली तर बरं, पण ती पाण्याच्या आकड्यांइतकी उपयोगी नाही. "पाण्याची गैरसोय होते" असं लिहू नका, त्याला "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" एवढंच उत्तर येतं. लिहा की सकाळच्या पाळीत १,१०० विद्यार्थ्यांमागे चार नळ आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेच्या मापाने शैक्षणिक इमारतीत ५० जणांमागे एक पिण्याच्या पाण्याची जागा लागते, म्हणजे २२. आत्ता मागणी आठ नळांच्या ओट्याची, दोन टाक्यांची आणि पाइप वेगळी करण्याची. टीडीएसचे चार आकडे तारखेसह द्या. अंदाजपत्रक एखाद्या स्थानिक प्लंबरकडून लेखी घेऊन जोडलं तर प्राचार्यांचं काम सोपं होतं. बरेचदा अडतं ते विरोधामुळे नाही, फाईलमध्ये ठेवायला कागद नसतो म्हणून.

एक प्रत महाविद्यालय विकास समितीच्या सचिवांना, म्हणजे पुन्हा प्राचार्यांनाच, पण "समितीच्या पुढील बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावे" असं लिहून. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कलम ९७ मध्ये ही समिती आहे. वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सदस्य असतात. खर्चाचं अंदाजपत्रक तिथे ठरून व्यवस्थापनाकडे मंजुरीला जातं. तुमचा अध्यक्ष बैठकीत असेल तर त्याने इतिवृत्तात विषय लिहिला गेलाय का ते बघून मगच पुढे जावं.

महिनाभरात हालचाल नसेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे ती प्रत्येक संस्थेत हवी. आवश्यक सुविधा न देणं ही त्यात तक्रार धरली जाते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान नाही झालं तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. ही पायरी चढायच्या आधी आवक क्रमांकाची प्रत हाताशी असू द्या, तिच्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

अनुदानित असल्याने माहितीचा अधिकारही लागू. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एक अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत. "पाणी का देत नाही" हा प्रश्न माहितीत बसत नाही. कागद मागा: मागील तीन वर्षांचे पाणी तपासणी अहवाल, टाकी सफाईची नोंदवही, कूलरच्या एएमसीचा (वार्षिक देखभालीचा) करार आणि बिलं. ३० दिवसांत उत्तर. "उपलब्ध नाही" हे उत्तर आलं तरी ते तुमच्या कामाचंच आहे. अभियांत्रिकीवाले वाचत असाल तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यता पुस्तिकेत आवारात ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ ही अत्यावश्यक सुविधांतली अट आहे, तिचा उल्लेख करा.

एक सावधगिरी. एखादी बँक किंवा क्लब कूलर भेट देतो, फोटो होतो, पाटी लागते. त्यात देखभालीचा करार नसतो, आणि भेटवस्तू साठा नोंदवहीत चढवलेली नसली तर तिच्या दुरुस्तीचं बिल लेखापाल अडवतो. भेट घ्याच, पण साठा नोंद आणि पहिल्या तीन वर्षांची एएमसी देणाऱ्याकडून लेखी घ्या. कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसी म्हणजे सुटे भाग धरून. साध्या एएमसीत माणूस येऊन "कॉम्प्रेसर गेलाय" असं सांगून जातो आणि पावती फाडतो.

---

गारवा

टीडीएस २६० पाहिल्यावर आरओचा आग्रह सोडतो. कूलरचा एक मुद्दा राहिलाय. स्टीलचं अंग, ओली फरशी, चप्पल काढलेला पोरगा. दोन्ही कूलरना वेगळा अर्थिंग आहे का आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) आहे का, हे कॉलेजच्या वायरमनकडून लेखी घ्या. आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. पडला नाही तर त्या दिवशी कूलर बंद. लांबवरून आणलेली टू-पिनची एक्स्टेन्शन वायर दिसली तर अर्ज-बिर्ज नंतर, आधी ती काढा.

---

पाटीपेन्सिल

वाचनालयाजवळच्या कूलरला एक्स्टेन्शन वायरच आहे. उद्या सकाळी सांगतो ऑफिसला. ओट्याच्या सांडपाण्याचं काय करायचं? आत्ता कूलरच्या ट्रेमध्ये डबे धुतात, भाताची शितं अडकून पाणी फरशीवर येतं.

---

नळजोड

ओट्याला दोन इंची सांडपाण्याची पाइप, मीटरला अडीच सेंटिमीटर उतार, तोंडाशी काढता येणारी स्टीलची जाळी आणि खाली नहाणी ट्रॅप (गटाराचा वास अडवणारं, पाणी धरून ठेवणारं वळण). ट्रॅपवर झाकण असं हवं की झाडूवाल्याला पान्याशिवाय उघडता येईल.

पण जाळी कितीही बारीक लावली तरी डबे धुवायला दुसरी जागा नसेल तर लोक तिथेच धुणार. दोन साधे बेसिन, बोअरच्या लाइनवर, ओट्यापासून सहा-सात मीटर दूर. १९४८ च्या कारखाना कायद्यात पिण्याची जागा धुण्याच्या आणि संडासाच्या जागेपासून सहा मीटर लांब ठेवायचा नियम होता. कॉलेजला तो लागू नव्हता, पण माप चांगलं आहे. बेसिनवर "हात आणि डबे इथे धुवा, हे पाणी पिऊ नये" आणि ओट्यावर "पिण्याचे पाणी", दोन्ही पाट्या तैलरंगात. कागद चिकटवला तर आठवड्यात जातो.

ऑफिसच्या कपाटात दोन पुश कॉक, दहा वॉशर, एक फ्लोट व्हॉल्व्ह आणि टेफ्लॉन टेपचं रीळ ठेवायला सांगा. नळ गळायला लागतो तेव्हा दहातल्या आठ वेळा आत फक्त रबराचा वॉशर चपटा झालेला असतो किंवा स्प्रिंगमध्ये चुना अडकलेला असतो. अँगल कॉक बंद करून पाच मिनिटांचं काम. सामान जवळ नसलं की त्याच नळाला चिंधी बांधली जाते आणि तो वर्षभर तसाच राहतो.

जूनमध्ये कॉलेज उघडताना कूलरच्या तळाचा ड्रेन प्लग काढून उन्हाळाभर साचलेलं पाणी पूर्ण सोडा, आतून पुसा, मगच प्लग लावून भरा. त्या प्लगचा वॉशर तेव्हाच बदला, जुना परत बसत नाही.